पाच जणांचा खेळ आणि वाटणीचा न्याय



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाई, बोनस किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार हे ठरलेलेच असते. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की, संगणकावरच्या रणांगणी खेळांतील आयुधांची निवड आणि वर्गांचा समतोल यांवर बोलू. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. 'वर्ग' हा शब्द ऐकून मात्र त्यांना धीर आला असावा. तो शब्द आमच्या तोंडी शोभतो अशी समजूत आहे. तरी ऐकून घ्या. हे खेळ आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथल्या घराघरांतून खेळले जातात. पुष्कळ आईबापांना त्यातले एवढेच माहीत असते की, पोरगा कानाला हेडफोन लावून रात्री ओरडतो. तो काय ओरडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळदा ते वाटणीचे भांडण असते. आणि वाटणीची भांडणे सोडविण्यात आमची तीस वर्षे गेली.

प्रथम खेळ काय आहे ते सांगू. 'डोटा' आणि 'लीग ऑफ लेजंड्स' हे या जातीतले दोन मोठे खेळ. 'वॉरक्राफ्ट' नावाच्या एका संगणकीय खेळाचा नकाशा हौशी खेळाडूंनी आपल्या हाताने बदलून २००३ च्या सुमारास पहिला डोटा घडविला. पुढे कंपन्या आल्या. २००९ साली लीग ऑफ लेजंड्स आणि २०१३ साली डोटा २ बाजारात आला. म्हणजे मूळ झाड लावले खेळणाऱ्यांनी आणि बागेला कुंपण घातले कंपन्यांनी. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मैदानाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन तळ असतात, मधून तीन वाटा जातात आणि वाटांवर बुरूज असतात. एका बाजूला पाच खेळाडू, दुसऱ्या बाजूला पाच. प्रत्येकजण शंभरावर वीरांतून आपला एक वीर निवडतो. ठराविक वेळाने दोन्ही तळांतून प्यादी निघतात. शत्रूच्या प्याद्यावर शेवटचा घाव ज्याचा, त्याला सोने मिळते. त्या सोन्यातून दुकानातली आयुधे घ्यावयाची, बळ वाढवावयाचे आणि शेवटी शत्रूचा मुख्य गड पाडावयाचा. अर्ध्यापाऊण तासात डाव संपतो. दुसरा डाव पुन्हा कोऱ्या पाटीने सुरू होतो. कालचे सोने आज चालत नाही.

आता आयुधांकडे वळू. मुले त्यांना 'आयटम' म्हणतात. वीराजवळ मुख्य खण सहाच. दुकानात माल पुष्कळ, गाठीला सोने थोडे आणि ठेवावयास जागा सहा खणांची! आमच्या फिटरला ही अडचण नवी नाही. पिशवीत सगळा कारखाना भरता येत नाही. आजचे काम कोणते, हे पाहून तो पाने उचलतो. ज्याला हे कळत नाही तो जड पिशवी घेऊन हिंडतो आणि नेमका हवा तो पाना घरी विसरतो.

या खेळात चांगले आयुध म्हणून काही नसते. या घटकेला, या शत्रूपुढे चांगले, एवढेच असते. डोटात 'ब्लॅक किंग बार' नावाचे आयुध आहे. ते वापरले की काही क्षण शत्रूची बहुतेक जादू अंगाला लागत नाही. पण सुरुवातीचे वापर होतात तसतसे ते क्षण कमी होत जातात. 'ब्लिंक डॅगर' नावाची कट्यार आहे. तिने क्षणात दूर उडी घेता येते, पण शत्रूचा मार नुकताच बसला असेल तर थोडा वेळ ती चालत नाही. 'डिव्हाइन रेपियर' ही तलवार तर अशी की तिच्याइतका घाव दुसऱ्या कशाने बसत नाही. परंतु ती बाळगणारा पडला की तलवारही जमिनीवर पडते आणि शत्रू ती उचलू शकतो. तेव्हा हरत आलेला संघच बहुधा हा जुगार खेळतो.

प्रत्येक सामर्थ्याला त्याची किंमत जोडलेली असणे, हे समतोलाचे पहिले सूत्र होय. आणि ते आपल्या लोकांना महाभारतापासून ठाऊक आहे. कर्णाने कवचकुंडले देऊन इंद्राकडून शक्ती घेतली. ती अमोघ खरी, पण एकदाच वापरावयाची. त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. घटोत्कचाने रात्रीच्या युद्धात सैन्याची दैना उडविली, तेव्हा ती त्याच्यावर खर्च करावी लागली. श्रीकृष्णाने घटोत्कचाला पुढे केले ते याच हिशेबाने. शत्रूला त्याचे आयुध चुकीच्या जागी खर्चावयास लावणे, ही चाल आजची पोरे रोज खेळतात.

आयुधे झाली, आता वर्ग. हुतुतू किंवा कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सात जणांत चढाई करणारा निराळा, कोपरा सांभाळणारा निराळा, मध्यात साखळी धरणारा निराळा. टाळ्या चढाईला पडतात; पण कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला नाही तर चढाईचे गुण टिकत नाहीत. डोटात या कामांना एक ते पाच असे क्रमांकच आहेत, आणि तो क्रम सोन्याचा आहे. पहिल्या क्रमांकाच्या 'कॅरी'ला संघातले सर्वांत जास्त सोने मिळावयाचे. तो आरंभी दुबळा असतो. पण आयुधे हाती आली की शेवटी डाव खांद्यावर घेतो. पाचव्या क्रमांकाचा तो 'सपोर्ट'. त्याने प्याद्यांचे सोने कॅरीसाठी सोडावयाचे, त्याची राखण करावयाची, अंधाऱ्या जागी 'वॉर्ड' नावाचे दिवे लावून ठेवावयाचे म्हणजे शत्रू दुरून दिसतो, आणि वेळ पडली तर कॅरी वाचावा म्हणून स्वतः मरावयाचे.

आम्हांला कोणी विचारील की, तुम्ही समतेची भाषा बोलता, मग ही विषम वाटणी तुम्हांला कशी चालते? तिला आमची हरकत नाही. पाचही जणांना सारखे सोने दिले तर पाचही जण अर्धवट राहतील आणि डाव जाईल. ज्याच्या हाती हत्यार सर्वांत उपयोगी पडते त्याला आधी हत्यार द्यावे, हे शहाणपण आहे. पण डावातले सोने ही संघाने एकाच्या हाती दिलेली ठेव असते. ती संघाच्या कामासाठी असते. ज्याच्या हाती आली त्याची ती कमाई नव्हे. हा फरक विसरला की खेळात आणि कारखान्यात सारखीच कटकट सुरू होते.

कारखान्यात उत्पादन बोनसची योजना येते तेव्हा लेथवर किती नग निघाले ते मोजतात. लेथ बंद पडू नये म्हणून धडपडणारा मेंटेनन्सचा फिटर मात्र हिशेबात मागे राहतो. त्याचे काम चोख झाले म्हणजे काहीच घडत नाही. आणि जे घडले नाही ते मोजावयाचे कसे? सपोर्टची तक्रार हीच. त्याच्या दिव्यामुळे कॅरी सावध झाला आणि मेला नाही, ही गोष्ट डावाच्या शेवटच्या तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दिसते ते एवढेच की, कॅरीने बारा मारले आणि सपोर्ट आठ वेळा मेला.

खेळ चालविणाऱ्यांनाही हे काही वर्षांनी कळले. लीग ऑफ लेजंड्समध्ये पूर्वी दिव्यांचा बहुतेक खर्च सपोर्टने आपल्या तुटपुंज्या सोन्यातून करावा अशी रूढी पडली होती; त्याच्या अंगावर शेवटपर्यंत धड आयुधे नसत. नोव्हेंबर २०१३ मध्ये नियम बदलला. प्रत्येक खेळाडूला दिवा लावण्याचे एक साधन फुकट मिळू लागले आणि सपोर्टला थोडे सोने मिळावे अशी आयुधे आली. डोटात दुकानातला माल वीरापर्यंत पोचविणारे गाढव असे. पुष्कळ काळ एकाने ते आपल्या सोन्यातून घ्यावे आणि पाचांनी वापरावे, ही रीत होती. कोणी घ्यावे, हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०१९ च्या बदलात प्रत्येकाला आपापले गाढव मिळाले. पुढे पहारा देणारे दिवेही फुकट झाले. किती मिळतील याला मर्यादा मात्र राहिली. वर्षानुवर्षे 'ज्याचे त्याचे नशीब' म्हणून चाललेली गोष्ट नियमाने दुरुस्त झाली आणि खेळ बिघडला नाही.

वाटणीचा प्रश्न पडद्याबाहेर कसा येतो, याचे एक उदाहरण सांगतो. दोनतीन वर्षांपूर्वी पाच मुले आमच्या घाटकोपरच्या कचेरीत आली. त्यांतल्या दोघांचे वडील आमचे सभासद. एका लहानशा स्पर्धेत त्यांना चाळीस हजारांचे बक्षीस मिळाले होते आणि वाटणीवरून बोलणे बंद झाले होते. कॅरी खेळणाऱ्या मुलाचे म्हणणे, अर्धी रक्कम आपली. तो म्हणाला, "काका, मारतो मी. हा तर नुसते वॉर्ड लावतो." ज्याच्याविषयी हे बोलणे होते तो मुलगा खाली मान घालून बसला होता.

आम्ही निवाडा देण्याची घाई केली नाही. शेवटच्या डावाचे चित्रण लावावयास सांगितले आणि कागदावर दोन रकाने पाडले. कॅरी कितीदा संकटातून निसटला तो एक रकाना. त्या वेळी दिवा कोणी लावला होता किंवा मध्ये कोण आडवा आला तो दुसरा. अर्ध्या तासाने दुसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले. कोणी काही बोलले नाही. मग ठरले ते असे: आधी प्रवास आणि इंटरनेटचा खर्च ज्याचा त्याला द्यावा, उरलेल्याचे पाच सारखे भाग करावेत, सर्वोत्तम खेळाडूचे निराळे बक्षीस कधी मिळाले तर ते त्या खेळाडूचे. कॅरी मुलाने विचारले, "मग मी जास्त सराव करतो त्याचे काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही सांगितले, "त्याचा मोबदला डाव सुरू होण्यापूर्वी ठरवा. जिंकल्यावर ठरविलेली वाटणी म्हणजे हिसकाहिसकी." तो संघ पुढे फुटला, हे लपवीत नाही. पण त्यांतल्या मुलांनी नवा संघ जमविला तेव्हा पहिल्या दिवशी वाटणी कागदावर लिहून पाचांच्या सह्या घेतल्या. आमच्या दृष्टीने तो करारच होय.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हा समतोल राखतो कोण? एखादा वीर किंवा एखादे आयुध फार प्रबळ झाले की सगळे तेच घेऊ लागतात आणि खेळ एकसुरी होतो. मग कंपनी दर काही आठवड्यांनी 'पॅच' काढते. कोणाचे बळ घटते, कोणाचे वाढते, एखाद्या आयुधाची किंमत बदलते. हे काम सोपे नाही. जो वीर नवशिक्याच्या हाती कुचकामी, तोच पटाईत खेळाडूच्या हाती जुलमी ठरतो. एकासाठी नियम सैल केला तर दुसऱ्याचा खेळ नासतो. मागे पडलेल्या संघाला परत उठता यावे म्हणूनही तजवीज असते: भरभराटीत असलेला शत्रू मारला तर जास्त सोने मिळते. प्रो कबड्डीत तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर एक गुण जादा मिळतो, त्यातलाच हा प्रकार. समतोल हा तराजूसारखा एकदा लावून ठेवण्याचा नसतो. लेथप्रमाणे तो रोज तपासावा लागतो.

मात्र लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. आपल्या ओळखीच्या खेळाचे उदाहरण घ्या. आयपीएलमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आला. सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येऊ लागला. फलंदाज हवा तेव्हा फलंदाज आणि गोलंदाज हवा तेव्हा गोलंदाज मिळाल्यावर थोडी फलंदाजी नि थोडी गोलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूचे काय काम? बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने २०२४ मध्ये उघडपणे सांगितले की, हा नियम आपल्याला फारसा रुचत नाही, कारण त्याने अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटते. एका नियमाने एक वर्गच अडगळीत पडू शकतो, हे त्याने अचूक ओळखले. नियम मात्र चालूच राहिला. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही कथा, तर कांदिवलीच्या चाळीतल्या पोराचे कोण ऐकणार?

एकट्याचे कोणी ऐकत नाही. म्हणून तर संघटना असते. उत्तर अमेरिकेत लीग ऑफ लेजंड्सच्या व्यावसायिक खेळाडूंची संघटना आहे. गंमत अशी की, २०१७ साली ती कंपनीच्याच पैशाने सुरू झाली. असल्या संघटनेला आम्ही काय म्हणतो ते येथे सांगत नाही! पण मे २०२३ मध्ये, दुय्यम स्पर्धेत संघ उतरविण्याची सक्ती कंपनीने काढून टाकली, आणि खालच्या फळीतल्या पुष्कळ खेळाडूंच्या व शिक्षकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. तेव्हा वरच्या फळीतल्या खेळाडूंनी खालच्यांसाठी प्रचंड बहुमताने संपाचा कौल दिला. स्पर्धा दोन आठवडे पुढे गेली. वाटाघाटी झाल्या, काही मिळाले, सगळे मिळाले नाही. कॅरीने सपोर्टसाठी डाव थांबविला, असेच आम्ही याला म्हणू. कामगार चळवळीतल्या माणसाला याहून गोड बातमी कोणती?

मुंबईलाही हे सर्व दूरचे राहिलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक मिळविले. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई खेळांत या खेळांना पदके होती. पण दुसरी बाजूही पाहा. मोबाइलवर सर्वांत जास्त खेळला जाणारा लढाईचा खेळ, 'पबजी', सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' या नावाने तो परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून टाकला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदीच्या कारणांचा विचार सरकारने करावा. तो त्याचा अधिकार आहे. परंतु मधल्या दहा महिन्यांत ज्यांची रोजी त्या स्पर्धांवर होती त्यांना ना नोटीस, ना भरपाई. कारखान्याला टाळे लागले तर निदान फाटकावर कागद चिकटवितात. येथे फाटकच नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यता मिळाली, ठीक झाले. मान्यतेमागून करार, मानधन आणि दाद मागण्याची जागा आली पाहिजे.

येथे जमलेल्या आईबापांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुलगा किंवा मुलगी कोणता खेळ खेळते ते पाहताना एक कसोटी लावा: आयुध डावात कमावलेल्या सोन्याने मिळते, की बापाच्या खिशातल्या पैशाने? डोटात खरे पैसे देऊन वेष बदलता येतो, बळ विकत घेता येत नाही. काही मोबाइल खेळांत मात्र पैसे ओतणारा लवकर बलवान होतो. तेथे समतोलाची चर्चा व्यर्थ आहे. तो बाजार आहे आणि बाजार म्हणूनच त्याच्याकडे पाहावे. दुसरी गोष्ट अशी की, "किती तास खेळलास?" हा प्रश्न अवश्य विचारा, अभ्यास आणि झोप यांना पर्याय नाही. पण त्याच्या जोडीने "तू संघात कोणते काम करतोस?" हेही विचारा. उत्तर ऐकाल तर पोराच्या स्वभावाची ओळख होईल. आणि तो म्हणाला की, "मी सपोर्ट खेळतो, सगळे मला शिव्या देतात," तर त्याला नालायक समजू नका. तुमच्या घरात एक माणूस दिवे लावीत आहे.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले होते की, अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात शिरूच दिले जात नाही. खाती समतोल असून भागत नाही. प्रत्येक खात्याचे दार सर्वांना उघडे असावे लागते. नव्या पोराला, किंवा मुलगी आहे एवढ्यावरून कोणाला, "तू सपोर्टच खेळ" असे जेथे दरडावले जाते, तेथे निवड उरत नाही, नेमणूक होते. आपण होऊन पत्करलेली सेवा आणि गळ्यात मारलेली सेवा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

तेव्हा समतोल म्हणजे सर्वांना सारखे सोने नव्हे. ज्याला जास्त मिळते त्याने ते सर्वांसाठी वापरावे. न दिसणारे काम मोजले जावे. कोणतेही काम कोणालाही निवडता यावे. आणि नियम बदलताना ज्यांच्यावर तो पडणार त्यांना आधी विचारावे. हा खेळ मुळात खेळणाऱ्यांनी घडविला. त्यांना निदान एवढे विचारले जावे, ही मागणी फार मोठी नाही. पोरांनी ती आज पडद्यावरच्या खेळात करावयास शिकावे; उद्या ती कामाच्या जागी करताना जीभ अडखळणार नाही.